गोळी चुकली की बाबांना फिकं दिसतं

नागपूरच्या महाल भागातून एका ताईंचं पत्र आलंय. जरा कमी करून इथे देते.

"डॉक्टर, बाबा एकोणसत्तर वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून पार्किन्सन. लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चारदा सुरू आहे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगर नाही, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतात. तरी संक्रांतीपासून म्हणतात, मला बरोबर दिसून नाही राहिलं. संध्याकाळी जिन्याची शेवटची पायरी कळत नाही. पांढऱ्या ओट्यावरचा स्टीलचा गिलास हात लागून पडतो. सकाळची गोळी उशिरा झाली की पेपर पाणी घातलेल्या दुधासारखा दिसतो म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ईआरजी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची एक तपासणी, करायला सांगितली आहे. काका म्हणतात, ही गोळीच डोळ्यांचा करंट खाऊन राहिली, ती बंद करा आणि कवचबीजाची पावडर द्या. बाबांनी ठरवलंय की तपासणीच्या दोन दिवस आधीपासून गोळी घ्यायची नाही, म्हणजे रिपोर्ट शुद्ध येईल. बाकी औषध काही नाही. दिवाळीपासून गॅसची एक गोळी सकाळी उपाशीपोटी घेतात, तिच्या पट्टीवर रॅबेप्रॅझोल आणि लेवोसल्पिराइड लिहिलं आहे. डोळ्याला खरंच करंट देतात का? आणि गोळी बंद करू का? बाबा आधी रोज जवळच्या 'शुक्रवारी' नावाच्या तलावावर फिरायला जायचे, आता घरातच बसून असतात."

ताई, आधी बाबांना थांबवा. लेवोडोपा एक दिवसही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं, ताप चढू शकतो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागू शकतो. अशा रुग्णाला दवाखान्यात भरती करावं लागतं आणि जिवावरही बेतू शकतं. रिपोर्टच्या शुद्धतेसाठी ही किंमत मोजायची गरज नाही. उलट गोळी न घेता काढलेला रिपोर्ट जास्त गोंधळाचा येतो. तो का, हे समजलं की बाबांना पटवणं तुम्हाला सोपं जाईल.

करंटचं पहिल्यांदा सांगते, कारण ही भीती घेऊन आलेले लोक मी खुर्चीत घाम पुसताना पाहिले आहेत. ईआरजीत डोळ्याला करंट देत नाहीत. डोळा स्वतः जो करंट तयार करतो, तो मोजतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड पडला की त्यातल्या पेशी विजेची लहानशी लाट उठवतात. 1865 साली स्वीडनमध्ये फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी ती बेडकाच्या डोळ्यात पहिल्यांदा टिपली, आणि 1877 मध्ये जेम्स ड्यूअर यांनी माणसाच्या डोळ्यात. लाट किती बारीक, तर काहीशे मायक्रोव्होल्ट. तुमच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, ही लाट त्याच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढी. म्हणूनच रुग्णाने दात आवळले, पापणी मिचकावली, मान हलवली तरी ती गढूळ होते.

तपासणी अशी होते. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, मग वीस मिनिटं पूर्ण अंधारात बसवतात. नंतर मंद लाल दिव्यात डोळा बधिर करणारा थेंब टाकून खालच्या पापणीच्या कडेला केसाएवढा बारीक चांदीचा धागा ठेवतात. काही ठिकाणी धाग्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स असते. कपाळावर आणि कानाजवळ एक-एक चकती चिकटवतात. मग हनुवटी टेकवून एका मोठ्या पांढऱ्या घमेल्यासारख्या अर्धगोलात बघायचं. आत उजेड चमकतो, आधी अगदी मंद, मग जोरात. त्यानंतर दहा मिनिटं उजेडात बसवून पुन्हा चमका, आणि शेवटी सेकंदाला तीसच्या वेगाने लुकलुकणारा दिवा. दुखत नाही. धागा डोळ्यात गेलेल्या पापणीच्या केसासारखा थोडा खुपतो, एवढंच.

कागदावर जी रेघ उमटते ती आधी खाली जाते, त्याला ए-लाट म्हणतात. ती उजेड झेलणाऱ्या पेशींची. मग रेघ वर उसळते, ती बी-लाट, पडद्याच्या मधल्या थरातल्या पेशींची. आणि त्या चढावर, घाटातल्या रस्त्याला वळणं असावीत तशा तीन-चार बारीक लहरी असतात. आजाराने किंवा औषधाने आतल्या थरात काही कमीजास्त झालं की या लहरी लवकर बोलतात. बाबांच्या रिपोर्टमध्ये मी सगळ्यात आधी तिथेच बघेन.

आता डोपामिन. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन, म्हणजे पेशींचे निरोप पोचवणारं एक रसायन, कमी होतं, हे तुम्हाला सहा वर्षांत तोंडपाठ झालं असेल. पण डोळ्याचा पडदाही मेंदूचाच भाग आहे. गर्भात मेंदूपासूनच तो फुटून बाहेर येतो, आणि त्यातही डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात. संख्येने फार थोड्या, पण त्यांच्या फांद्या लांबवर पसरलेल्या.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता बडकस चौकातून पायी घरी येऊन तुम्ही माजघरात शिरलात की क्षणभर काहीच दिसत नाही. कूलर कुठे, खाट कुठे, कळत नाही. मग हळूहळू सगळं उमटतं. पडद्याला हे दोन्हीकडे करावं लागतं, अंधारातून उजेडात आणि उजेडातून अंधारात. अंधारात त्यातल्या पेशी एकमेकींचा हात धरतात, जेवढा उजेड मिळेल तेवढा वाटून घेतात. त्यामुळे मंद वस्तू दिसते, पण कडा धूसर होतात. उजेड वाढला की डोपामिन सुटतं आणि ती धरलेली पकड सैल करतं. प्रत्येक पेशी आपापलं चित्र पाठवते, कडा ठसठशीत होतात. रात्री मेलाटोनिन हे दुसरं रसायन वाढतं आणि कारभार उलट फिरतो. म्हणजे डोपामिन हा पडद्यातला दिवसाचा कारभारी. तो अर्ध्या हजेरीवर आला की वस्तू दिसते, पण ती मागच्या रंगातून सुटून दिसत नाही.

पांढऱ्या ओट्यावरचा स्टीलचा गिलास, संध्याकाळची राखाडी पायरी, पिवळट कागदावरची फिकी छपाई: तुम्ही पत्रात लिहिलेली तिन्ही उदाहरणं याच एका गोष्टीची आहेत. तक्ता बाबा पूर्ण वाचतात यात नवल नाही. तो पांढऱ्यावर काळाकुट्ट असतो. बाबांची अडचण अक्षर लहान असण्याची नाही, अक्षर फिकं असण्याची आहे. त्यासाठी वेगळा तक्ता मिळतो, 1988 पासून वापरात असलेला पेली-रॉबसन. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात आणि खाली-खाली फिकी होत जातात. ईआरजीच्या चिठ्ठीबरोबर ही तपासणीही मागून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि बाबांचं म्हणणं खरं होतं हे घरातल्यांना कागदावर दिसेल. या आजारात असं म्हणणाऱ्या माणसाला घरचे फार वेळा "तुम्हाला तर सगळं दिसतं" म्हणून गप्प करतात. तुम्ही तसं केलं नाही, पत्र लिहिलंत, हे मला फार बरं वाटलं.

काकांचं म्हणणं आता तपासू. गोळी डोळ्यांचा करंट खाते का? नाही. लेवोडोपा पडद्यातही पोचते आणि तिथे तिचं डोपामिन बनतं. पार्किन्सन असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर त्यांचे पडदे तपासून 1990 साली प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं की पडद्यातलं डोपामिन कमी होतं, पण ज्यांना शेवटपर्यंत लेवोडोपा सुरू होती त्यांच्यात ते निरोगी माणसांच्या जवळपास होतं. जिवंत रुग्णांच्या ईआरजीतही हीच दिशा दिसते. पार्किन्सनमध्ये बी-लाट बुटकी होते, आणि चौकटींचा पट बघायला लावून जो ईआरजी काढतात त्याची लाट तर विशेष कमी भरते. लेवोडोपा दिल्यावर ती सुधारताना दिसली आहे. आणि उलट बाजूने, निरोगी स्वयंसेवकांना डोपामिन अडवणारं औषध देऊन ईआरजी काढले, तेव्हा त्यांच्या लाटा खाली आल्या.

म्हणून बाबा म्हणतात की गोळी उशिरा झाली की पेपर फिका दिसतो, ते मनाचे खेळ नाहीत. रक्तातली लेवोडोपा दीड-दोन तासांत निम्मी होते. हाताची थरथर जशी गोळीच्या वेळेबरोबर वरखाली होते, तसं थोडंफार दिसण्याचंही होऊ शकतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. औषधाने पडद्याचं काम बदलणं वेगळं आणि पडदा खराब होणं वेगळं. थायोरिडाझिन नावाचं मनोविकारावरचं जुनं औषध दिवसाला 800 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पडद्याला कायमची इजा करायचं. तिथे ईआरजीची लाट खरोखरच मोडते आणि परत येत नाही. लेवोडोपा त्या पंगतीतली नाही. तिच्यामुळे लाट बदलते ती डोपामिनच्या पातळीबरोबर, आणि तो बदल लहान असतो.

आता तुम्ही पत्रात "बाकी औषध काही नाही" असं लिहून पुढे जी गोळी लिहिलीत, तिच्याकडे येते. पत्र वाचताना मी तिथेच थांबले. रॅबेप्रॅझोल हे आम्लपित्ताचं, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण लेवोसल्पिराइड हे डोपामिन अडवणारं औषध आहे. पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून ते गॅसच्या गोळीत घालतात, पण ते मेंदूतलंही डोपामिन अडवतं. पार्किन्सन नसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही ते महिनोन्‌महिने घेतल्यावर हातपाय कडक होणं, थरथर, चालताना पाय घासणं सुरू होतं. आणि बाबांना तर पार्किन्सन आहेच. म्हणजे दिवसातून चारदा आपण ज्या दारातून डोपामिन आत पाठवतो, त्याच दाराला रोज सकाळी उपाशीपोटी कडी घालतो. तेही दिवाळीपासून. फिकं दिसायला लागलं संक्रांतीपासून.

सगळा दोष त्या एका गोळीचा आहे असं मी म्हणत नाही. सहा वर्षांत आजारही पुढे सरकला असेल. पण ती सुरू असताना ईआरजी काढला आणि लाटा बुटक्या आल्या, तर त्या आजाराच्या, की त्या गोळीच्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात ती पट्टी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. रिकामी पट्टी चालेल, नाव दिसलं पाहिजे. नुसतं "गॅसची गोळी" सांगू नका, पट्टी टेबलावर ठेवा. बहुधा ते लेवोसल्पिराइड काढून नुसतं आम्लपित्ताचं औषध ठेवतील, पण तो निर्णय त्यांचा. आणि पुढेमागे कोणी उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, किंवा चक्करेसाठी सिनारिझिन वा फ्लुनारिझिन लिहून दिलं, तर तेव्हाही हेच विचारायचं: पार्किन्सनमध्ये चालेल का? आपल्याकडे या गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवायही सहज घरी येतात, आणि वर्षानुवर्षं डब्यात राहतात. मला याचा फार त्रास होतो, कारण यामुळे वाढलेला कडकपणा घरचे आजार वाढला म्हणून मुकाट्याने सोसत राहतात.

कवचबीजाचं. काकांची तळमळ मला कळते, आणि कवचबीज ही काही भोंदूगिरी नाही. खाजकुइलीच्या त्या बियांतून 1937 साली मद्रासच्या संशोधकांनी जो पदार्थ वेगळा काढला, तो लेवोडोपाच होता. गोळीत आहे तोच. म्हणजे गोळीने डोळे जातात म्हणून पावडर द्यायची, यात आपण तीच गोष्ट दुसऱ्या पुडीतून देतो. फरक एवढाच की पावडरच्या चमच्यात किती मिलिग्रॅम गेलं ते कळत नाही, आणि गोळीत लेवोडोपाला वाटेत वाया जाऊ न देणारी कार्बिडोपा असते, ती पावडरीत नसते. दोन्ही एकदम सुरू केलं तर मळमळ, रक्तदाब उतरणं, नसते भास होणं, काहीही होऊ शकतं. काकांना हे शांतपणे सांगा. या औषधाच्या गोष्टीत आपलीच आणखी एक वनस्पती आहे हेही सांगा, त्यांना आवडेल. सर्पगंधेपासून काढलेलं रेसरपिन देऊन निपचित झालेले ससे लेवोडोपा दिल्यावर पुन्हा हलू लागले, हे स्वीडनचे संशोधक आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवलं, आणि तिथून ही गोळी पार्किन्सनपर्यंत आली. 2000 सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

तपासणीच्या दिवसाबद्दल एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी उमरेडकडचे एक निवृत्त गुरुजी पहाटेच्या एसटीने ईआरजीला आले होते. तुमच्या बाबांसारखंच, रिपोर्ट शुद्ध यावा म्हणून आदल्या दिवसापासून गोळी घेतलेली नव्हती. घमेल्यासमोर बसवलं तर हनुवटी टेकेना. डोकं कापत होतं, पापण्या आवळलेल्या. धागा दोनदा निसटला. यंत्राच्या पडद्यावर लाट नव्हतीच, नुसतं गवत उगवल्यासारखं दिसत होतं. त्यांच्या पत्नी दाराशी पिशवी छातीशी धरून उभ्या. गुरुजींच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करून आम्ही तिथेच पाण्याबरोबर गोळी दिली आणि तासभर थांबलो. गुरुजी हळूहळू सैल झाले, स्वतःहून म्हणाले, "आता बसतो." पुन्हा अंधार, पुन्हा धागा. या वेळी रेघ स्वच्छ आली, चढावरच्या लहरीही दिसल्या. त्यातलं किती गुरुजी स्थिर बसल्यामुळे आणि किती पडद्याला डोपामिन मिळाल्यामुळे, हे त्या एका रेघेवरून वेगळं करता येत नव्हतं. पण आम्ही कागदावर गोळीची वेळ लिहिली, आणि पुढच्या वर्षी तेवढ्याच अंतराने पुन्हा काढला, तेव्हा दोन रेघा शेजारी ठेवून बघता आल्या.

तुम्हीही हेच करा. गोळी रोजच्या वेळेला, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, कारण डाळ, दूध, पनीर यांबरोबर ती नीट शोषली जात नाही. तपासणीची वेळ अशी मागा की गोळी घेऊन साधारण तास झाला असेल आणि बाबा सगळ्यात मोकळे असतील. चिठ्ठीवर सगळ्या गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहा. लेवोसल्पिराइड बंद झालं असेल तर बंद केल्याची तारीखही. तंत्रज्ञाने विचारलं नाही तरी द्या. आणि तपासणी लांबली तर मधली गोळी चुकू नये म्हणून ती आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवा. कधीकधी डॉक्टर मुद्दाम गोळीआधी आणि गोळीनंतर असा दोनदा ईआरजी काढतात. ते न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरतं, घरी ठरवायचं नाही.

थेंबांमुळे बाहुली चार-सहा तास मोठी राहते. परत येताना काळा चष्मा आणि टोपी लागेल, आणि बाबांना ऑटोतून एकटं पाठवू नका.

घरात आजच करण्यासारखं काही आहे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावा, काळा कडप्पा असेल तर पिवळी उठून दिसते, फिकी फरशी असेल तर लाल किंवा काळी घ्या. बाबांचा गिलास स्टीलचा नको, गडद निळा किंवा लाल द्या. पांढऱ्या ताटलीत दहीभात दिसणार नाही, ताटली रंगीत हवी. वाचताना दिवा डोक्यावर नको, खांद्यामागून कागदावर पडेल असा. पार्किन्सनमध्ये पापण्या कमी मिटतात, त्यामुळेही डोळे कोरडे पडून धूसर दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना ओलाव्याचे थेंब विचारून घ्या. वाचताना एकाची दोन अक्षरं दिसतात का, हेही बाबांना विचारा. दिसत असतील तर ते जवळचं बघताना डोळे एकत्र न वळल्यामुळे असतं, आणि त्याला चष्म्यात उपाय आहे.

आणि शुक्रवारी तलावावरचं फिरणं पुन्हा सुरू करा. गोळी घेतल्यावर तासाभराने निघता येईल असा दुपारच्या गोळीचा हिशेब न्यूरॉलॉजिस्टकडून बसवून घ्या, आणि उन्हं कलली की निघून दिवे लागायच्या आत घरी या. चालताना तुम्ही त्यांचा दंड धरू नका, त्यांना तुमचा कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे राहा. पायरी आली की तुमचा हात खाली जातो, ते त्यांना डोळ्यांच्या आधी कळतं.